अन्नाआधीचे फळ

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1938 साली ‘काश्यपसंहिता’ प्रसिद्ध केली, आणि नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित ताडपत्री पोथीत जपला गेलेला कौमारभृत्याचा, म्हणजे बालचिकित्सेचा, हा प्राचीन ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला. ग्रंथाचा बराच भाग लुप्त झाला असला, तरी बालकाच्या पहिल्या आहाराविषयीचा मजकूर सुदैवाने वाचला. सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्यात अन्नप्राशन, असा क्रम त्यात सांगितला आहे. दुधावर पोसलेल्या जठराला धान्याचा भार सोपविण्यापूर्वी फळाचा मृदू रस चाखवावा, या योजनेत जी वात्सल्यपूर्ण सूक्ष्मदृष्टी आहे, तिच्यामुळे हा ग्रंथ मला फार मोलाचा वाटतो.

धर्मशास्त्राने मात्र हे दोन टप्पे वेगळे ठेवले नाहीत. आयुर्वेदातील सुश्रुतानेही सहाव्या महिन्यात लघु आणि हितकर अन्नच सांगितले आहे. आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’त मुलाला सम महिन्यांत, तर मुलीला विषम महिन्यांत अन्नप्राशन विहित आहे. महाराष्ट्रातील उष्टावण याच परंपरेतली: मामाची मांडी, चांदीची वाटी आणि तांदळाची खीर. या समारंभात फळाला मानाचे स्थान नाही. ते घरातल्या आजीच्या अधिकारात गेले, आणि कुस्करलेल्या पिकल्या केळ्याचा पहिला घास कोणत्याही मुहूर्तावाचून बाळाच्या ओठी लागत राहिला.

केरळात या फलाहाराला अधिक व्यवस्थित रूप आले. तेथे कुन्नन जातीची कच्ची केळी सोलून, पातळ चकत्या करून उन्हात खडखडीत वाळवितात, दळून वस्त्रगाळ पीठ करतात, आणि ते पाण्यात कालवून, सतत ढवळीत, मंद आचेवर शिजवून बाळाला भरवितात. कच्च्या केळ्यात पिष्ट पुष्कळ असते आणि पिकताना त्याची शर्करा होते. म्हणूनच पिकले केळे नुसते कुस्करून चालते, तर कच्च्याचे पीठ नीट शिजवावे लागते. रसायनशास्त्र न शिकलेल्या गृहिणींनी हा भेद अनुभवाने अचूक जाणला होता. गुरुवायूरच्या देवळात बाळाला भाताचा पहिला घास देण्याचा ‘चोरूण’ विधी आजही होतो. पण कित्येक घरांत त्याआधीच केळ्याच्या पिठाची पेज बाळाच्या पोटात गेलेली असते.

गोव्यात 1563 साली छापलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात आंब्यावर आणि केळ्यावर संवाद आहेत, कारण ही दोन्ही फळे येथल्या भूमीत पूर्वीपासून रुजलेली होती. पपई आणि चिकू मात्र मूळचे अमेरिकेतले. असे असूनही या पाहुण्यांना घरातल्या बायकांनी बाळाच्या वाटीपर्यंत येऊ दिले, कारण पिकल्यावर त्यांचा गर बोटाने सहज मोडतो, आणि दात नसलेल्या बाळाच्या बाबतीत ही कसोटी फळाच्या कुळापेक्षा नि:संशय महत्त्वाची.

जुने सारेच मात्र बरहुकूम पाळू नये. जातकर्मात, म्हणजे जन्मसमयीच्या संस्कारात, मधाचे चाटण सांगितलेले असले, तरी मधातील जंतुबीजांमुळे तान्ह्या बालकास घातक विषबाधा होऊ शकते, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणून वर्ष पुरे होईपर्यंत मध फळातही मिसळू नये. सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि नंतर त्याच्या जोडीला पूरक आहार, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. काश्यपाने फलप्राशनास नेमून दिलेला काळही जवळजवळ तोच आहे.