कापून टाकलेली फळी

टेबलावर प्लास्टिकचं एक रेल्वे इंजिन आहे. लांबी साडेपंधरा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या हातातल्या फोनएवढी. खोक्यातून नुकतंच बाहेर काढलेलं, रंगाला कुठे ओरखडा नाही. आणि ज्याने ते हौसेने विकत घेतलं, तोच माणूस आता डोळ्याला भिंग लावून, धारदार कटरने इंजिनाच्या पुढची एक इवलीशी फळी कापून काढतोय.

नवी कोरी वस्तू कुणी अशी का कापेल?

अमेरिकेत हा छंद जुना आहे. ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक 1934च्या जानेवारीत मिलवॉकी शहरात सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात या छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिथलं सर्वांत लोकप्रिय प्रमाण ‘एचओ’, म्हणजे खऱ्याच्या 87वा हिस्सा. टेबलावरचं इंजिन ‘स्विचर’ जातीचं आहे. आपल्याकडे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या इंजिनाला शंटर म्हणतात, तेच हे. लांबचा प्रवास नाही, झेंडे दाखवून निरोप नाही. दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे.

डिझेलवरच्या या इंजिनांचा जन्मच मुळी एका कायद्यातून झाला. न्यूयॉर्क शहरातून वाफेची इंजिनं हद्दपार करणारा कॉफमन कायदा 1923मध्ये आला. वाफ नाही, मग डबे ढकलायचे कशाने? 1925मध्ये जर्सी सेंट्रल रेल्वेने 1000 क्रमांकाचं, 300 अश्वशक्तीचं, खोक्यासारखं दिसणारं डिझेल इंजिन ब्रॉन्क्सच्या मालधक्क्यावर कामाला लावलं. ते 1957पर्यंत राबलं. आज ते बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

पुढे जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीने डिझेल इंजिनं जवळपास मोटारीसारखी विकायला सुरुवात केली. वाफेच्या काळात प्रत्येक रेल्वे कंपनी आपल्या मर्जीचं इंजिन बनवून घ्यायची. आता ठरलेल्या नमुन्यांतून निवडायचं. ‘एसडब्ल्यू-1’ म्हणजे 600 अश्वशक्ती आणि एक धुराडं. ‘एनडब्ल्यू-2’ म्हणजे 1000 अश्वशक्ती आणि दोन धुराडी. कारखान्यातून सगळी भावंडं सारखीच बाहेर पडायची.

पण सारखी राहायची नाहीत. अमेरिकेतल्या रेल्वे खासगी कंपन्यांच्या. एकीने भोंगा बदलला, दुसरीने घंटा हलवली. कोरड्या, गवताळ मुलखात धुराड्यावर ठिणग्या अडवणारी जाळी बसली. वीस-तीस वर्षांत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा चेहरा आला. मॉडेल बनवणारा कारखाना मात्र एकाच साच्यातून दहा कंपन्यांच्या रंगांची इंजिनं काढतो. म्हणून छांदिष्ट आधी एक फोटो शोधतो: अमुक कंपनी, अमुक क्रमांक, आणि मुख्य म्हणजे अमुक साल. मग प्लास्टिक त्या फोटोसारखं करायला बसतो.

सुरुवात होते ती हाताने धरायच्या कांबींपासून. स्वस्त मॉडेलवर त्या नुसत्या उंचवट्यासारख्या ओतलेल्या असतात. त्या तासून काढायच्या, केसाएवढ्या ड्रिलने भोकं पाडायची आणि तारेच्या खऱ्या कांबी ओवायच्या. खरी कांब साधारण 16 मिलिमीटर जाड. तिचा 87वा हिस्सा 0.18 मिलिमीटर होतो. एवढी बारीक तार हात लागताच वाकते, म्हणून बहुतेक जण थोडी जाड तार वापरतात. इतका खटाटोप ज्या कांबीसाठी, ती काही शोभेची नाही. 1893च्या रेल्वे सुरक्षा कायद्याने ती डब्यांना सक्तीची केली. त्याच कायद्याने डबे आपोआप जोडणारे कपलरही आणले. त्याआधी दोन डबे जोडताना माणूस मध्ये उभा राहून हाताने खीळ घालायचा. बोटं तुटलेली असणं ही त्या धंद्यातल्या माणसाची ओळखच होती.

दुसरी गोष्ट वजनाची. जनरल इलेक्ट्रिकचं एक बुटकं स्विचर 1940पासून 1956पर्यंत बनत होतं. केबिन मधोमध, दोन्ही बाजूंना उतरती नाकं. वजन 44 अमेरिकी टन, म्हणजे 88,000 पौंड. हाच आकडा का? कारण 1937मध्ये रेल्वे कंपन्या आणि फायरमनांची संघटना यांच्यात करार झाला होता: चाकांवर 90,000 पौंडांहून जास्त भार असलेल्या डिझेल इंजिनावर फायरमन ठेवावाच लागेल. डिझेलमध्ये कोळसा टाकायचा नसतो. पण कोळसा टाकणाऱ्याचं घर चालायचं असतं. संघटनेने मर्यादा आखून घेतली आणि कारखान्याने बरोबर त्या मर्यादेखाली बसेल असं इंजिन काढलं. आपल्याला ते गोंडस वाटतं, पण त्याच्या आकारात एक माणूस वजा केलेला आहे. पुढे 1963मध्ये अमेरिकी संसदेने हा वाद सक्तीच्या लवादाकडे सोपवला. त्या निवाड्याने मालगाड्या आणि यार्डांमधल्या बहुतेक फायरमनांच्या जागा कमी करायची वाट मोकळी झाली.

या इंजिनाच्या मॉडेलची गंमत उलटी आहे. ते इतकं हलकं असतं की चार डबे ओढताना चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून छांदिष्ट आतल्या पोकळीत शिसं भरतो. खऱ्या इंजिनाचं वजन जपून खाली ठेवलेलं, खोट्याचं जमेल तेवढं वाढवलेलं.

रेल्वे कंपन्या स्वतःही हाच उद्योग करत. 1970मध्ये टेक्सासमधल्या क्लिबर्नच्या कार्यशाळेत सांता फे रेल्वेने बाल्डविन कंपनीचं जुनं स्विचर घेतलं आणि त्यात इलेक्ट्रो-मोटिव्हचं डिझेल यंत्र बसवलं. ‘जीप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजिनांचं नाव आणि बाल्डविनचा ‘ब’ मिळून त्याला ‘बीप’ म्हणू लागले. प्रयोग परवडला नाही, त्यामुळे दुसरं बीप कधी झालंच नाही. ज्याला मॉडेल हवं, त्याने दोन इंजिनं कापून एक करावं, हा साधा मार्ग. क्लिबर्नच्या कामगारांनीही यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

आता ती फळी.

तिला फूटबोर्ड म्हणतात. जुन्या स्विचरला पुढे आणि मागे, रुळांपासून थोड्या उंचीवर, आडव्या फळ्या असत. ब्रेकमन त्यावर उभा राहून इंजिनाबरोबर जायचा. डबा आला की उतरायचा, जोडायचा, पुन्हा चढायचा. काम झटपट व्हायचं. पण फळी चालत्या इंजिनाच्या तोंडाशी. पाऊस, बर्फ, तेल, एक चुकीचं पाऊल, आणि माणूस थेट चाकांखाली. असे कितीतरी गेले. अखेर 1970च्या दशकात सरकारी सुरक्षा नियमांनी या फळ्या मोडीत काढल्या आणि त्यांच्या जागी इंजिनाच्या चार कोपऱ्यांना पायऱ्या आल्या. जुन्या इंजिनांच्या फळ्या देशभरातल्या कार्यशाळांत गॅसकटरने कापल्या गेल्या.

म्हणून फोटोवरचं साल महत्त्वाचं. 1955चा यार्ड करायचा असेल तर फळी राहू द्यायची. 1985चा असेल तर ती कापायची आणि कोपऱ्यांना पायऱ्या चिकटवायच्या. मॉडेलच्या प्रदर्शनात दहातले नऊ जण रंग बघून पुढे जातात. दहावा वाकून इंजिनाच्या पायाशी बघतो. कधीकधी तो निवृत्त रेल्वेवाला असतो.

टेबलावर कटरचं काम संपलंय. प्लास्टिकचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा गळून पडलाय. मॉडेलच्या प्रमाणात माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच असतो. त्या तुकड्यावर आरामात उभा राहिला असता.