वॉर्डात दाखल रुग्णाला फालिज: ‘न्यूरो रेफरन्स’ म्हणजे काय?

ऑपरेशन, हृदयविकार किंवा मधुमेहासाठी दाखल असलेल्या रुग्णालाही वॉर्डातच फालिज, म्हणजे लकवा, होऊ शकतो. तोंड वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा फिट 5 मिनिटांहून जास्त चालली, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. सिस्टरला लगेच सांगा. ड्युटीवरचे डॉक्टर तपासून मेंदूविकार तज्ज्ञांना तातडीने बोलावतात. हाच न्यूरो रेफरन्स.

आधी रक्तातली साखर बघतात, कारण ती फार उतरली तरी लक्षणे तशीच दिसू शकतात. मग सीटी स्कॅन. रक्तस्राव झालाय का, हे त्यात कळते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नुकतेच मोठे ऑपरेशन झाले असेल तर बहुतेक वेळा ते देता येत नाही. मग मोठी रक्तवाहिनी बंद असल्यास निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते.

हे तास मोजतात रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. इशानंतर अम्मी नीट बोलल्या आणि फजरला हात उचलेना, तर डॉक्टरांना वेळ इशाची सांगायची, फजरची नाही. ‘झोपल्यात, झोपू द्या’ म्हणण्यातच आपल्याकडे रात्र जाते.

डॉक्टर गिळणे तपासेपर्यंत तोंडात काही घालू नका. चहा नाही, गोळी नाही, जमजमसुद्धा नाही. ठसका लागून ते फुप्फुसात जाते.