हॉर्सशूचं शेवटचं टेबल

मे महिन्यातल्या दुपारी दरेकसा स्टेशनवर गर्दी अशी नसतेच. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत याच फलाटावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. आज तू आहेस आणि तुझी पिशवी. पिशवीत फळीची वही आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम उरकत आला, तू यंदा फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, मुन्शी होतास. बाया पुडके आणून मांडायच्या, तू मोजायचास. सत्तर पानांचा पुडका, कमी भरला तर बाजूला, भरला की नाव आणि आकडा वहीत. ऊन चढलं की मोहाच्या सावलीत तीन पत्ती. त्यात आपला हात बरा आहे असं तुझं मत. बाकीच्यांचं तसं नाही, पण ते जाऊ दे.

गाडी येते. डोंगरगडच्या बाजूला निघते, बोरतलावच्या आधी बोगद्यात शिरते, आणि बाहेर पडते ती भलतीकडेच. कशी, ते विचारू नकोस. गाडीला एवढी सूट द्यायला हवी.

तू उभा आहेस अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, लास वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर. शुक्रवार, २३ मे २००३. समोर बिनियन्स हॉर्सशू हा कॅसिनो. बेनी बिनियन नावाच्या टेक्सासच्या जुगाऱ्यानं तो १९५१ मध्ये उघडला आणि १९७० पासून इथे ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’ भरवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षीची गंमत म्हणजे विजेता पत्त्यांनी नव्हे, मतांनी ठरला. जमलेल्या खेळाडूंनीच जॉनी मॉसला निवडून दिलं. दुसऱ्या वर्षापासून नियम सरळ झाला: प्रत्येकानं ठरलेली रक्कम भरायची, तेवढ्या चिपा घ्यायच्या, आणि सगळ्या चिपा एकाच्या पुढ्यात जमा होईपर्यंत खेळायचं.

आत जा. कुणी अडवत नाही.

तुझ्या गावात याच कामासाठी पोलीस येतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर ‘जुगार अड्ड्यावर धाड’ असा मथळा असतो, मागे १८८७ चा कायदा. इथे झगमगाट आहे, खुर्च्या मांडून बसलेले प्रेक्षक आहेत, ईएसपीएनचे कॅमेरे आहेत. लोक दबकून बोलतात. सगळ्यात ठळक आवाज चिपांचा: खेळाडू विचार करताना दोन बोटांत त्या एकमेकींत घुसवत राहतात, टिक टिक टिक, आणि तो आवाज थांबला की सगळे वर बघतात.

खेळ तुला अर्धा ठाऊकच आहे. तिथे हातात तीन पानं, इथे दोन. मग टेबलाच्या मधोमध पाच पानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. ती सगळ्यांची सामायिक. सातांतून उत्तम पाच ज्याची जमतील त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर चाल. बूट आहे, पॅक आहे. चालीला मर्यादा मात्र नाही. मनात आलं तर पुढ्यातली सगळी रास एका हातानं पुढे सारायची. आणखी एक फरक आहे. मोहाखाली तुला वाटलं तेव्हा उठून, जिंकलेलं खिशात घालून घरी जाता येतं. इथे उठता येत नाही. चिपा म्हणजे पैसे नव्हेत. त्या संपल्या की तू बाहेर, आणि कितवा बाहेर पडलास त्यावर बक्षीस.

यंदा ८३९ जणांनी प्रत्येकी दहा हजार डॉलर भरले. काल रात्री दहा उरले होते. दहावा गेला फिल आयव्ही, जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. त्याच्या हातात नव्वीची जोडी. समोरच्याकडे एक्का आणि राणी. टेबलावर दोन राण्या आल्या तेव्हा आयव्ही मागे पडला, चौथं पान नव्वी आली तेव्हा पुढे गेला आणि शेवटचं पान एक्का निघालं. तू तीन पत्तीत अशा वेळी जे शब्द वापरतोस ते इथे कुणी वापरले नाहीत.

ज्यानं आयव्हीला काढलं तो तुझ्याच पेशाचा. टेनेसीचा, सत्तावीस वर्षांचा, एका कंपनीत हिशेब लिहिणारा क्रिस. आडनाव खरोखरच मनीमेकर. खोटं वाटेल म्हणून कादंबरीत कुणी ठेवणार नाही असं. त्यानं दहा हजार स्वतःच्या खिशातून भरलेलेच नाहीत. पोकरस्टार्स या संकेतस्थळावर ८६ डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण चार हजार रुपयांची, एक पात्रता स्पर्धा तो घरी बसून खेळला. शेवटच्या फेरीत पहिल्या तिघांना वेगासची जागा होती आणि चौथ्याला आठ हजार डॉलर रोख. त्याला चौथाच नंबर हवा होता! कर्ज होतं, रोख बरी. मित्रानं पैशाचा शब्द देऊन त्याला पुढे ढकललं. प्रत्यक्ष टेबलावर बसून खेळायची अशी मोठी स्पर्धा त्याच्या आयुष्यात ही पहिलीच.

दुपारपासून रात्रीपर्यंतचं तुला भराभर दाखवतो, कारण शेवटच्या टेबलावरचे बरेच तास कंटाळवाणेच असतात. पानं येतात, पॅक, पानं येतात, पॅक. डेव्हिड सिंगर नववा, डेव्हिड ग्रे आठवा, यंग पाक सातवा. अमीर वाहेदी सहावा, तोमर बेनव्हेनिस्ती पाचवा, जेसन लेस्टर चौथा. तिसरा डॅन हॅरिंग्टन, १९९५ चा विजेता. उरले दोघे.

मनीमेकरच्या समोर आता सॅम फरहा. बैरूतमध्ये जन्मलेला, मुरलेला, मोठ्या रकमांच्या खेळांत दिवस काढलेला. कोट, शर्टाची वरची बटणं उघडी, ओठांत सिगारेट, पण न पेटवलेली. मनीमेकरच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, अंग आखडलेलं. पहिल्याला २५ लाख डॉलर, दुसऱ्याला १३ लाख. मनीमेकरनं मध्यंतरात सुचवलं होतं की बक्षीस वाटून घेऊ. फरहा तयार झाला नाही. का व्हावा? समोर कोण बसलंय ते त्याला दिसत होतं.

आता जवळ सरक. हाच तो डाव.

मनीमेकर एक लाखाची चाल करतो, फरहा बरोबरी करतो. टेबलावर तीन पानं: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. दोघेही थांबतात, कुणी काही लावत नाही. चौथं पान इस्पिक अठ्ठी. फरहा तीन लाख लावतो. मनीमेकर चिपा मोजतो, मनगट जरा जड पडल्यासारखं वाटतं, आणि आठ लाख करतो. फरहा बरोबरी करतो. शेवटचं पान बदाम तिर्री. कुणाच्याच उपयोगाचं नाही असं दिसणारं. फरहा टेबलावर टिचकी मारून थांबतो. मनीमेकर म्हणतो, सगळं.

त्याच्यापुढची रास फरहापेक्षा मोठी आहे. म्हणजे फरहानं होकार दिला आणि चुकला, तर इथेच संपला.

तुला पानं माहीत आहेत. हा डाव तू मोबाइलवर किती वेळा पाहिलायस. फरहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी: टेबलावरच्या नव्वीशी जोडी. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती: काहीही नाही. चौथ्या पानाला त्याच्याजवळ निदान आशा होती. इस्पिकाचा कलर, नाहीतर छक्की ते नव्वीला जोडून सिक्वेन्स, नाहीतर राजाची जोडी. मुन्शी आहेस, मोज: न दिसलेल्या ४४ पानांपैकी १७ त्याच्या कामाची. तिर्री त्यांत नव्हती. आता त्याच्या हाती उरली ती निव्वळ थाप.

पण मान वर करून बघ. तू जिथे उभा आहेस तिथून कुणाचंही पान दिसत नाही. टेबलाच्या कडेला बसवलेल्या इवल्याशा कॅमेऱ्यांना दिसतं, आणि ते चित्र लोकांना काही आठवड्यांनी घरी टीव्हीवर दिसणार आहे. हेन्री ओरेनस्टीन या नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या, पुढे खेळण्यांच्या धंद्यात नाव काढलेल्या माणसानं ही युक्ती काढली आणि १९९५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी पोकर टीव्हीवर बघणं म्हणजे बंद दाराकडे बघत बसणं होतं. पुढे हा डाव बघणारा प्रत्येक जण दोघांची पानं आधी पाहणार, मग हसणार, आणि म्हणणार, अरे लाव ना वेड्या! तूही मोहाखाली हेच म्हणालायस.

इथे उभा राहून म्हणून बघ.

फरहा सिगारेट तोंडातून काढतो. बोलू लागतो, समोरच्याचा चेहरा हलतो का ते बघायला. विचारतो, तुझा कलर हुकलेला दिसतोय, नाही का? मनीमेकर दगड. फरहा स्वतःशीच म्हटल्यासारखं पुटपुटतो की वेडेपणा करून बरोबरी करावीशी वाटते, कदाचित माझंच पान भारी असेल.

हे शब्द नीट ऐक. त्यानं बरोबर ओळखलंय. कलर हुकलाय हे त्यानं तोंडानं बोलून दाखवलंय. तरीही तो नव्वी आणि राणी पुढे सारतो. पॅक.

या डावावरून फरहाला भित्रा ठरवणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. त्याच्याजवळ एक जोडी होती आणि टेबलावर तीन इस्पिकं, शिवाय सिक्वेन्सची शक्यता उघडी. समोरचा नवखा. नवखा माणूस लाखोंची थाप मारत नाही, तो पान आलं की लावतो, हा अंदाज वर्षानुवर्षांच्या कमाईतून आलेला होता आणि शंभरांतल्या बहुतेक डावांत खराच ठरला असता. समोरच्याच्या पुढ्यात आपल्यापेक्षा मोठी रास असताना, सगळं पणाला लावून, एका जोडीवर? तू पॅक केलं असतंस. मीही. अंदाज बरोबर असणं वेगळं आणि त्यावर शेवटची चिप लावणं वेगळं.

दूरचित्रवाणीवरचा समालोचक नॉर्मन चाड नंतर याला शतकातली थाप म्हणेल, शतक नुकतंच सुरू झालंय हे कबूल करून. या खोलीत मात्र आत्ता टाळ्यासुद्धा बेताच्याच. लोकांना कळलेलंच नाही काय झालं ते. शेजारचा माणूस तुझ्याकडे भुवया उंचावून बघतो: काय होतं त्याच्याकडे?

शेवटचा डाव त्यामानानं साधा. फरहाकडे गुलाम आणि दश्शी, मनीमेकरकडे पाच आणि चार, मोहाखाली फेकून द्यावीत अशी पानं. टेबलावर येतात गुलाम, पाच, चार. फरहाची जोडी वरची, म्हणून तो सगळं पुढे सारतो. मनीमेकरच्या दोन जोड्या, तो लगेच हो म्हणतो. मग अठ्ठी. मग पुन्हा पाच. पाचची तीन, चारची दोन, विषय संपला. त्याचे वडील दोरी ओलांडून धावत येतात. टेबलावर नोटांच्या गड्ड्यांचा ढीग रचलाय, २५ लाख डॉलर, तेव्हाच्या भावानं साधारण पावणेबारा कोटी रुपये. फोटो निघतात.

तू वही काढतोस. सवयच तशी.

८३९ गुणिले दहा हजार: ८३ लाख ९० हजार डॉलर. बक्षिसं वाटली गेली ७८ लाख २ हजार ७०० ची. ती ६३ जणांत. म्हणजे ७७६ माणसं रिकाम्या हातानं घरी. विजेत्याच्या रकमेतूनही वडिलांचा आणि एका मित्राचा हिस्सा जायचा, कारण त्यांनी आधीच भागीदारी घेतली होती, आणि मग कर. पुढच्या वर्षी खेळाडूंचा हा ८३९ चा आकडा, ‘हिशेबनीस जिंकू शकतो तर मी का नाही’ या एका विचारावर, २,५७६ होईल, २००६ मध्ये ८,७७३. त्यांतले किती तरी घरच्या संगणकावरून येतील. तुझ्याकडे तो रस्ता आता नाही: ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे. फोनवर ८६ डॉलर भरून तुला इथवर येता येणार नाही. बोगदाच हवा.

वहीत एक ओळ उरते. ८३,९०,००० वजा ७८,०२,७०० बरोबर ५,८७,३००. बरोबर सात टक्के. हे बक्षिसांत न जाता हॉर्सशूनं कापून घेतलेले, एकही पान न उचलता.

आणि तरी मुन्शीला चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच आहे. जानेवारी २००४ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांच्या आत, अमेरिकेच्या केंद्र सरकारचे मार्शल याच दारातून आत येतील आणि रोकड जप्त करतील. बेनीची मुलगी बेकी हिच्या ताब्यातल्या या कॅसिनोनं कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतन निधीचे पैसे थकवले होते. हॉर्सशूला टाळं लागेल, स्पर्धेचं नाव हॅराज ही दुसरी कंपनी विकत घेईल.