पेस्ट कंट्रोलचा परवाना कुठून आला?

कुर्ल्यात आज कुणाला पेस्ट कंट्रोलचा छोटा व्यवसाय सुरू करायचा असेल, तर फवारणीच्या पंपाआधी परवाना घ्यावा लागतो. अनेकांना ही निव्वळ सरकारी कटकट वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. कुर्ला तेव्हा मुंबईबाहेर, साष्टी बेटावर होते. शहरात आले ते १९५० मध्ये. उंदरांवरील पिसवा प्लेग पसरवतात, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. ते मान्य होण्यास मात्र वर्षे लागली. पुढे उंदीर मारणे हे महापालिकेचे कर्तव्य ठरले. तिचे मूषक संहारक अलीकडच्या काळातही रात्री काठी घेऊन हे काम करत आले आहेत.

काठीची जागा रसायनाने घेतली, तसा धोकाही बदलला. १९५८ मध्ये केरळात गव्हाचे पीठ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकाच जहाजातून आले. विष पिठात मिसळले. शंभराहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या चौकशीनंतर १९६८ चा कीटकनाशके कायदा आला. परवान्यासाठी कृषी किंवा विज्ञान शाखेची पदवी आणि प्रशिक्षण लागते. विज्ञानाची पदवी असेल, तर तीत रसायनशास्त्र हवेच.