खडीकडे कोण बघतं?

तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांनी दगड-चुन्यात बांधला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला. त्या बांधकामात भार दगडावरून दगडावर उतरतो. चुना फटी भरतो, दगड जागेवर बसवतो. त्याच किनाऱ्यावर 1969 मध्ये सुरू झालेलं अणुवीज केंद्र मात्र काँक्रीटचं. इथे दगडाची खडी होते आणि ती सिमेंटमध्ये बुडते. बोईसरच्या कारखान्यांपासून आपल्या घरांपर्यंत मग हेच चालू झालं.

दगडाला पालघरमध्ये तोटा नाही. लाव्ह्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पावलोपावली आहे. चांगला बेसाल्ट 100 मेगापास्कलहून जास्त दाब सोसतो. घराच्या स्लॅबचं एम-20 काँक्रीट 28 दिवसांनी 20 सोसतं. दगड पाचपट मजबूत, तरी स्लॅब कच्चा का निघतो? कारण चीर दगडातून जात नाही, दगड आणि सिमेंट जिथे चिकटतात त्या सांध्यातून जाते. खडीवर भुकटी असेल तर पकड बसत नाही. खडी चपटी, कपच्यांसारखी असेल तर माल नीट सरकत नाही आणि गवंडी पाणी वाढवतो. पाणी वाढलं की ताकद घटते, हे अमेरिकेत डफ एब्रम्सने 1918 मध्येच दाखवलं होतं.

पूर्वी वडार कुटुंबं हातोडीने खडी फोडत. क्रशर आले, काम झपाट्याने होऊ लागलं, पण जबड्याच्या क्रशरमधून चपटे तुकडे जास्त पडतात. (ती मजुरी आणि डोळ्यांत उडणाऱ्या कपच्या आठवल्या, तर जुने दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही.)

काळा दगडही सगळा सारखा नसतो. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात बुडबुड्यांची भोकं, काहींत पांढरे खडे भरलेले. ही खडी पाणी पिते आणि लवकर फुटते. एकाच खाणीतून दोन्ही निघू शकतात.

कारवारजवळ कैगा इथे 1994 मध्ये अणुभट्टीचा बांधकाम चालू असलेला घुमट कोसळला. दोष रचनेचा होता, खडीचा नव्हे. नवा घुमट एम-60 काँक्रीटचा केला. एवढ्या ताकदीच्या मालात सांधा इतका पक्का होतो की चीर खडीतूनच जाऊ लागते. तिथे मग दगडाचा स्वतःचा कस लागतो.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि काँक्रीटचा प्रश्न घराघरात आला. तरी मशिदीच्या स्लॅबसाठी वर्गणी जमते तेव्हा चर्चा होते ती सिमेंटच्या कंपनीची आणि लोखंडाच्या भावाची. खडीचा ट्रक येतो, रिकामा होतो, जातो. त्यातली घमेलंभर खडी बादलीत धुऊन पाहायला पाच मिनिटं लागतात. पाणी गढूळ झालं तर ट्रक परत पाठवायचा अधिकार विश्वस्तांना आहे.