भरवस्तींतील गांव : कावेल आणि खोताची वाडी

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाची हकीकत सांगणारे लेख वाचकांस या पुस्तिकेंत मिळतीलच. आम्ही मात्र वाचकांस क्षणभर गिरीजबाहेर, मुंबईच्या ऐन भरवस्तींत नेऊं इच्छितों. तेथें आपल्यासारख्याच ख्रिस्ती लोकांचीं जीं गांवें होतीं, त्यांचें काय झालें हें जाणणें आज आपणांस अगत्याचें झालें आहे.

वसई व मुंबई या दोहोंवर एके काळीं पोर्तुगीजांचाच अंमल होता. १६६१ च्या विवाह-तहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली व १६६५ सालीं प्रत्यक्ष इंग्रजांच्या ताब्यांत गेली. वसई पोर्तुगीजांकडेच राहिली, ती १७३९ सालीं मराठ्यांनीं जिंकली. राज्यें निराळीं झालीं. परंतु दोहोंकडील ख्रिस्ती माणसांचें मूळ निराळें झालें नाहीं.

मुंबईच्या किल्ल्याबाहेर, जेथें आज क्रॉस मैदान आहे त्या बाजूस, आशामातेचें एक जुनें देऊळ होतें. किल्ल्यासमोरची जागा मोकळी असावी म्हणून इ. स. १७६० च्या सुमारास तें पाडण्यांत आलें व त्याऐवजीं भुलेश्वरीं नवें देऊळ उभें राहिलें. कालांतरानें तेंच मुंबईच्या बिशपांचें मुख्य देऊळ झालें होतें. त्याच्या जवळच कावेल. या नांवाचा संबंध कांहीं विद्वान कोळीवाड्याशीं जोडतात. भोंवतीं कापडबाजार, सराफ व देवळें यांची दाटी. आणि त्या गर्दींत आरोग्यमातेच्या देवळाभोंवतीं ख्रिस्ती घरांची ही वस्ती नांदत होती.

१८९६ सालीं ग्रंथिज्वराची सांथ आली. दाट वस्तीचे हाल भयंकर झाले. ठिकठिकाणीं ख्रिस्ती लोकांनीं क्रूस उभारून त्यांपुढें प्रार्थना केल्या. त्यांपैकीं कांहीं क्रूस आजही रस्त्याकडेला दिसतात. पुढें १८९८ सालीं शहर-सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा व उजेड यावा म्हणून त्यानें मोठे रस्ते पाडिले. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांपैकीं प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, कावेलच्या पोटांतून गेला आणि कित्येक कुटुंबें पांगलीं.

खोताच्या वाडीची कथा निराळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन या खोतानें गिरगांवांतील ही जमीन ख्रिस्ती कुटुंबांस विकली, असें सांगतात. अरुंद गल्ल्या, लांकडी ओसऱ्या, बाहेरून चढणारे जिने. बाहेरील रस्त्यावर एके काळीं ट्रामचा खणखणाट चाले. आंत पाऊल टाकतांच गांवांत आल्याचा भास होई. तेथें पूर्वीं सुमारें ६५ जुनीं घरें होतीं. आज तीं निम्म्याहून कमी उरलीं आहेत. त्यांपैकीं पुष्कळ घरांवर कोणताही सरकारी रस्ता गेला नाहीं. मालकांनींच तीं एकेक करून विकलीं, आणि त्यांच्या जागीं इमारती उठल्या.

आतां आपल्या गिरीजकडे वळूं. १८६४ सालीं लोहमार्ग आला आणि वसईचा भाजीपाला, फुलें, केळीं व दूध मुंबईच्या बाजारांत जाऊं लागलीं. १९३६ सालीं विरारपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. तेव्हांपासून आपली तरुण मंडळी सकाळीं शहराच्या गर्दींत शिरतात व सायंकाळीं परततात. पूर्वीं आपण शहराकडे जात होतों. आतां शहर आपल्याकडे येत आहे. २००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हां आपलीं गांवें तींत घालूं नयेत म्हणून लोकांनीं मोठा विरोध केला. तो विरोध योग्यच होता. तथापि केवळ सरकारास विरोध करून गांव राहत नाहीं. बावखलें कोण बुजवितो? वाडी कोण विकतो? या प्रश्नांचीं उत्तरें आपल्याच घरांत आहेत.

कावेलचें जें रस्त्यानें नेलें त्याचें दुःख करतां येतें. खोताच्या वाडींतील जें आपल्याच माणसांनीं दिलें त्याचा दोष कोणास द्यावा? शहरांत राहणें पाप नव्हे. भरवस्तींतही गांव टिकतें, हें त्या वाडीच्या उरलेल्या घरांनीं दाखविलें आहे. मात्र त्यासाठीं गांव टिकवावें अशी इच्छा गांवच्या माणसांच्या ठायीं असावी लागते. ती इच्छा आमच्या ठायीं सदैव जागृत राहो, हीच या ज्युबिलीच्या दिवशीं परमेश्वरचरणीं प्रार्थना.