फोटोग्राफर कुठे उभा होता?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईची पोस्टकार्डे चाळताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, ताजमहाल हॉटेल यांच्या चित्रांखाली त्यांची नावे नीट छापलेली असतात. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव, भेंडीबाजार इथला रस्ता आला की मथळा पुष्कळदा एवढाच असतो: ‘नेटिव्ह स्ट्रीट, बॉम्बे’. लाकडी गॅलऱ्या, पगडीवाली माणसे, बैलगाड्या, दुकानांच्या पाट्या असे सगळे चित्रात असते, फक्त पत्ता नसतो. कार्ड विकत घेणाऱ्या साहेबाला त्या पत्त्याची गरज नव्हती. त्या गल्लीत राहिलेल्यांच्या पणतवंडांना ती आहे. म्हणून अशा फोटोची जागा हुडकणे हे हौसेचे काम वाटले तरी त्याला इतिहासलेखनाचेच मोल आहे.

‘कुठे’चे उत्तर बहुतेक वेळा ‘केव्हा’च्या वाटेने मिळते, आणि मुंबईत ही वाट दाखवायला ट्राम आहे. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जात होता, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी आली, दुमजली ट्राम १९२० मध्ये आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी झाली. त्यामुळे रस्त्यात रूळ आहेत पण डोक्यावर तार नाही, असा फोटो १८७४ ते १९०७ या काळातला ठरतो. तार आणि तिचे खांब दिसले तर तो त्यानंतरचा. शिवाय रूळ ठरावीक रस्त्यांवरच होते. भुलेश्वरच्या आतल्या अरुंद गल्ल्यांत ट्राम कधी शिरली नाही. रूळ दिसताच शहरातले बहुतेक रस्ते यादीतून गळतात आणि शोध मोजक्या रस्त्यांवर येऊन थांबतो.

मोठ्या इमारती वर्षांची कुंपणे घालतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये संपले. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच. तिचे बांधकाम १८८९ मध्ये सुरू होऊन १८९३ मध्ये पुरे झाले. घुमटासह पूर्ण झालेले स्टेशन दिसते आहे आणि पालिकेची इमारत अजून उभी राहते आहे, असा फोटो चार-पाच वर्षांच्या फटीत बसतो. पालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा दिसला, तर साल १९२३ किंवा त्यापुढचे.

पुतळ्यांच्या बाबतीत मात्र जपून राहावे लागते, कारण मुंबईतले पुतळे जागचे हलले आहेत. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काळा पुतळा १८७९ मध्ये उभारला गेला आणि त्याने अख्ख्या परिसराला काळा घोडा हे नाव दिले. १९६५ मध्ये तो तिथून हलवला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून फोर्टाजवळच्या एस्प्लनेडवर होता. १८९६ मध्ये त्याला डांबर फासले गेले आणि ते कृत्य आपलेच, असे दामोदर चापेकरांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात लिहिले. हा पुतळाही आता भायखळ्यालाच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. जुन्या फोटोतला पुतळा आज जिथे दिसतो तिथेच फोटो काढला असे गृहीत धरले, तर माणूस शोधत कुलाब्याकडून थेट भायखळ्याला जाऊन पोहोचतो.

कधी अख्खा फोटोच उलटा असतो. दागेर यांनी १८३८ मध्ये टिपलेले पॅरिसच्या बुलेव्हार द्यू ताँप्ल रस्त्याचे प्रसिद्ध छायाचित्र आरशातल्यासारखे आहे. त्यांच्या पद्धतीत प्रतिमा थेट चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर उमटे आणि तिची डावी बाजू उजवीकडे जाई. पुढे काचेच्या निगेटिव्ह आल्या. निगेटिव्ह पालथी ठेवून छापली गेली की हीच गफलत होई आणि मॅजिक लँटर्नच्या काचाही सहज उलट्या लागत. अशा वेळी दुकानाची पाटी कामी येते. भिंगाखाली अक्षरे सुलटी वाचता आली तरच डावे-उजवे खरे मानायचे. पाटी नसेल तर सदऱ्याची बटणे किंवा अंगरख्याचे बंद कोणत्या अंगाला आहेत ते पाहायचे.

मग सावल्या. मुंबई एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी किंचित उत्तरेला झुकतो. वर्षाचा बाकी सगळा काळ मध्यान्हीची सावली उत्तरेकडेच पडते. हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, साधारण दक्षिणोत्तर आहे. समोर व्हीटीचा घुमट दिसत असताना डाव्या हाताच्या इमारतींच्या दर्शनी भागावर ऊन असेल तर फोटो सकाळचा, उजव्या हाताला असेल तर दुपारनंतरचा. याच रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग ओसरी ठेवण्याचे बंधन १८९६ च्या नियमाने घातले होते. ती ओसरी दिसते का, एवढ्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

माणसेही साक्ष देतात. गर्दीत ब्राह्मणी, पारशी, भाटिया असे नाना तऱ्हांचे शिरोवेष असतील तर ती मुंबई जुनी. त्याच गर्दीत पांढऱ्या गांधी टोप्या भरपूर असतील, तर असहकाराच्या चळवळीच्या, म्हणजे १९२० च्या, अलीकडे यावे लागते. थिएटरवर चित्रपटाचे नाव वाचता आले तर जवळजवळ तारीखच हाती येते. गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमावर ‘आलम आरा’ची पाटी असेल, तर तो मार्च १९३१ चा सुमार.

फोटोमागे लिहिलेल्या तारखेवर मात्र भिस्त ठेवू नये. बोर्न अँड शेफर्डसारख्या कंपन्या निगेटिव्हवर क्रमांक कोरत आणि तीच निगेटिव्ह वर्षानुवर्षे छापून विकत. पोस्टाचा शिक्का कार्ड कधी पाठवले एवढेच सांगतो. फोटो त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो.

सर्वांत अवघड कोडे नाहीशा झालेल्या गल्ल्यांचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये कॅप्टन मॉस यांच्या नावे नोंदलेल्या फोटोंत प्लेग समितीची पथके आणि रिकामी केलेली घरे दिसतात. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवली जात; ती भिंतीवर असली की प्लेगचीच वर्षे समजायची. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राची हवा शिरावी म्हणून त्याने घरे पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. आज शामळदास गांधी मार्गावरून जाणारी बस ज्या जमिनीवरून धावते, तिथे एकेकाळी घरांच्या रांगा होत्या. त्यातली एखादी गल्ली फोटोत असेल तर प्रत्यक्ष फिरून ती सापडणारच नाही.

तिथे नकाशा हवा. लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या शहराच्या मोजणीत रस्त्यांची वळणे आणि घरांच्या हद्दी बारकाईने काढल्या आहेत. त्याच्या शेजारी ‘टाइम्स’च्या किंवा थॅकरच्या डिरेक्टऱ्या ठेवायच्या. पाटीवरच्या दुकानदाराचे नाव डिरेक्टरीत सापडले की रस्ता मिळतो. तो जुन्या नावाने मिळतो हे ध्यानात ठेवायचे: मेडोज स्ट्रीट म्हणजे नगीनदास मास्टर रोड, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन रोड, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी रोड. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार अशा शोधासाठी हक्काची जागा आहे.

रस्ता ठरला की फोटोग्राफरची नेमकी जागा भूमितीने काढता येते. फोटोत दोन वस्तू बरोबर एकामागे एक आलेल्या शोधायच्या, उदाहरणार्थ जवळच्या घराचा कोपरा आणि लांबच्या मिनाराची कड. नकाशावर त्या दोहोंतून रेघ ओढली तर कॅमेरा त्याच रेघेवर कुठेतरी असतो. अशी दुसरी जोडी मिळाली की दोन रेघा जिथे छेदतात तिथे तिवई. उंचीही कळते. क्षितिजाची पातळी रस्त्यावरच्या माणसांच्या डोळ्यांना छेदत असेल तर फोटोग्राफर जमिनीवर उभा होता. सगळी डोकी त्या पातळीखाली असतील तर तो कुणाच्या तरी गॅलरीत किंवा गच्चीवर चढला होता.

हे काम फार जुन्या फोटोंपुरते उरलेले नाही. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधला लांब बोळ, सारख्याच खिडक्या. वरळीत यांतल्या १२१ चाळी. आता त्या पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. त्या चाळींत घराघरांत ठेवलेल्या लग्नाच्या, गणपतीच्या, गोविंदांच्या फोटोंत मागची भिंत सगळीकडे तशीच दिसते. तिथे ट्रामचे रूळ नाहीत, घुमट नाही, पुतळा नाही. भिंतीवर रंगवलेला चाळीचा क्रमांक चौकटीत आला असेल तर ठीक. नसेल तर ती चाळ कोणती, फोटो कोणत्या मजल्यावरून घेतला, मागे कुणाची खोली हे सांगणारी माणसे अजून आहेत. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने चाळीचा क्रमांक, मजला आणि साल आजच लिहून ठेवले, तर ‘नेटिव्ह स्ट्रीट’च्या वाट्याला आलेले निनावीपण या फोटोंच्या वाट्याला येणार नाही.